टर्बो पेट्रोलच्या लॉगमध्ये बूस्ट मध्येच पडतोय, रीडिंग चुकतंय की खरंच टर्बो गेलाय?

कांदिवलीकर

मंडळी नमस्कार. गाडी १.० लिटर तीन सिलिंडर टर्बो पेट्रोल, मॅन्युअल, बीएस६, पूर्ण स्टॉक, रीमॅप म्हणजे इंजिनाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल वगैरे काही नाही. मॉडेलचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण मग अख्खा धागा त्या कंपनीवरून भांडण्यात जातो आणि मला फक्त आकड्यांबद्दल विचारायचंय.

पाऊस सुरू झाल्यापासून पिकअपमध्ये फरक पडलाय. तिसऱ्या गिअरला दाबली की सुरुवातीला नेहमीपेक्षा जास्तच जोरात ओढते आणि ३३०० आरपीएमच्या आसपास कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी बसते, मग परत थोडी सुटते, परत बसते. चेक लाइट नाही. ऑइल कमी होत नाही, धूर नाही, शिट्टीचा आवाजही नेहमीसारखाच. जवळच्या गॅरेजमध्ये दाखवली तर त्यांनी एक राउंड मारला आणि सांगितलं की टर्बो गेला, पूर्ण असेंब्ली बदला. आकडा ऐकून मी गाडी घेऊन घरी आलो.

मग ऑनलाइन मिळतो तो निळा ब्लूटूथ ओबीडी अडॅप्टर, गाडीच्या डायग्नोस्टिक पोर्टला लावायचा, तो घेतला, फोनवर ॲप टाकलं आणि लॉग करायला लागलो. आता तीन गोष्टी कळत नाहीयेत.

पहिली, मुंबईत चावी ऑन करून इंजिन बंद असताना ॲप बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेचं जास्तीचं प्रेशर, मायनस ०.०१ बार दाखवतं, ते ठीक. पण रविवारी लोणावळ्याला गेलो होतो तिथे तेच रीडिंग मायनस ०.०७. इंजिन बंद असताना मायनस कसं काय? सेन्सर खराब आहे का?

दुसरी, एकाच रस्त्यावर एकाच गिअरमध्ये पीक बूस्ट कधी ०.८ दिसतो कधी १.१. कोणता खरा?

तिसरी आणि मुख्य, ३३०० च्या पुढे बूस्ट ०.९५ वरून धाडकन ०.४५ ला येतो, मग ०.७, मग परत खाली. हे रीडिंगमधली गडबड आहे की खरंच टर्बो दम सोडतोय? लॉगमध्ये मी बारा-तेरा गोष्टी एकदम टिक केल्या होत्या, कूलंट टेंपरेचर, फ्युएल ट्रिम, बॅटरी व्होल्टेज, जे दिसलं ते सगळं. कोणाला बघायची असेल तर एक्सेल फाइल पाठवतो.

ठाणे_टॉर्क

भाऊ इंटरकूलरच्या, म्हणजे टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या, पाइपचा क्लॅम्प ढिला असणार, शंभर टक्के. माझ्या आधीच्या गाडीला डिट्टो हेच झालं होतं. खालचं स्प्लॅश गार्ड काढ आणि पाइपच्या तोंडाशी तेलाचा ओलावा दिसतो का बघ, जिथे ओला तिथे लीक. टर्बो वगैरे काही गेलेला नाही.

चुनाभट्टी_सिग्नल

कांदिवलीकर, आधी एक कळकळीची विनंती, टर्बोची ऑर्डर अजिबात देऊ नका. माझं रोजचं काम इंजिन सेन्सर आणि त्यांच्या कॅलिब्रेशनचं आहे आणि चांगले टर्बो असे एका राउंडवर उतरवून ठेवलेले बघितले की मला खरंच वाईट वाटतं. तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी आहेत, एकात एक मिसळू नका.

लोणावळ्याचं आधी, कारण ते सोपं आहे. तुमच्या गाडीतला मॅप सेन्सर बूस्ट मोजतच नाही. तो मॅनिफोल्डमधलं, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या शेवटच्या पाइपांमधलं, पूर्ण प्रेशर मोजतो, शून्य म्हणजे पूर्ण पोकळी तिथपासून. ओबीडीवर प्रत्येक रीडिंगला एक नंबर असतो, त्याला पीआयडी म्हणतात, आणि हे प्रेशर ०बी नंबरच्या पीआयडीवर किलोपास्कलमध्ये येतं, १०० किलोपास्कल म्हणजे एक बार. त्यातून बाहेरच्या हवेचं प्रेशर वजा केलं की जे उरतं तो बूस्ट, आणि ही वजाबाकी ॲप करतं, गाडी नाही. बाहेरच्या हवेचं प्रेशर ३३ नंबरच्या पीआयडीवर मिळतं, पण बरीच ॲप्स ते विचारतच नाहीत, सरळ समुद्रसपाटीचा १०१.३ हा आकडा धरून मोकळी होतात. लोणावळा सहाशे मीटरच्या वर आहे, तिथे हवाच साधारण ९४ किलोपास्कल असते. ९४ वजा १०१.३ म्हणजे तुमचं ते मायनस ०.०७. सेन्सर बरोबर सांगतोय, वजाबाकी चुकीची आहे. मुंबईतसुद्धा हा आकडा वर्षभर सारखा नसतो, जानेवारीच्या कोरड्या सकाळी १०१ च्या पुढे असतो आणि जून-जुलैत १०० च्या आसपास उतरतो. तुमचं ते मायनस ०.०१ तिथूनच आलंय. म्हणून ॲपचा बूस्टवाला रकाना बंदच करून टाका, कच्चा मॅप किलोपास्कलमध्ये लॉग करा आणि वजाबाकी स्वतः एक्सेलमध्ये करा.

ही चावी ऑन इंजिन बंदवाली टेस्ट मात्र प्रत्येक लॉगच्या आधी कराच. गाडी रात्रभर उभी असेल, सेल्फ मारलेला नसेल, तर मॅनिफोल्डमध्ये बाहेरची हवाच असते, त्यामुळे मॅप आणि बॅरो, म्हणजे बाहेरच्या हवेचं ते ३३ वरचं प्रेशर, दोन्ही जवळजवळ सारखे यायला हवेत, एखाद-दोन किलोपास्कलचा फरक चालतो. इथेच ८५ किंवा ११५ आला तर पुढचा सगळा लॉग निरर्थक आहे, आधी सेन्सरचं कनेक्टर, अर्थ आणि पाच व्होल्टची लाइन बघायची. कोणी जुन्या सेन्सरच्या जागी जास्त रेंजचा सेन्सर बसवला आणि ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कंप्युटरमध्ये, स्केल बदललं नाही तर तेही इथेच पकडलं जातं, अडीच बारच्या जागी तीन बारचा बसवला असेल तर मुंबईत उभ्या गाडीत १०० च्या ऐवजी ८४ च्या जवळपास दिसेल. तुमचं मुंबईतही जुळतंय आणि लोणावळ्यातही जुळतंय, म्हणजे निदान खालच्या टोकाला तुमचा सेन्सर ठणठणीत आहे.

आता पीकचं. बारा-तेरा गोष्टी टिक केल्यात ना, तिथेच घोळ आहे. ओबीडीवर गाडी स्वतःहून काही पाठवत नाही, ॲप एक प्रश्न विचारतं, ईसीयू एक उत्तर देतं, मग पुढचा प्रश्न. त्या स्वस्त निळ्या अडॅप्टरमध्ये आणि वर ब्लूटूथमध्ये एका प्रश्नाला सेकंदाचा दहावा भाग सहज जातो, कधी जास्त. तेरा गोष्टी म्हणजे एका मॅप रीडिंगनंतर दुसरं मॅप रीडिंग दीड सेकंदाने येणार. तिसऱ्या गिअरचा तुमचा पूर्ण पुल, म्हणजे पेडल दाबून घेतलेली एक धाव, असतो सहा-सात सेकंदांचा आणि टर्बो भरताना जो क्षणभर वर जाऊन खाली येतो तो खेळ अर्ध्या सेकंदात संपतो. तो कधी तुमच्या रीडिंगच्या वेळी येतो, कधी दोन रीडिंगच्या मध्ये हरवतो. ०.८ ही खरा, १.१ ही खरा, दोन्ही वेगवेगळ्या क्षणांचे.

आणि याहून वाईट गोष्ट एक्सेलमध्ये लपलेली असते, ती बहुतेक जण बघतच नाहीत. एका ओळीत आरपीएम ३३०० आणि मॅप १९५ लिहिलंय म्हणून ते एकाच क्षणाचे आहेत असं नाही. नवीन रीडिंग आलं नसेल तर ॲप जुनंच पुढच्या ओळीत उतरवत राहतं. फाइल उघडा आणि मॅपचा रकाना वरून खाली वाचा, तोच आकडा सलग पाच-सहा ओळी तसाच्या तसा दिसला तर समजा की खरं रीडिंग त्यात एकच आहे. मग ३३०० ला बूस्ट पडतो असं आपण म्हणतो तेव्हा तो प्रत्यक्षात २९०० ला पडलेला असू शकतो.

म्हणून परत लॉग करा आणि फक्त चारच गोष्टी घ्या. आरपीएम, मॅप, थ्रॉटल म्हणजे पीआयडी ११, आणि इनटेक हवेचं तापमान. थ्रॉटल घेताना पेडलचा रकाना घेऊ नका, पेडल ४९ वर असतं, ते तुमचा पाय सांगतं. ११ हे थ्रॉटलची प्लेट, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, खरंच किती उघडली आहे ते सांगतं. पाय पूर्ण दाबलेला असताना बऱ्याच गाड्यांत प्लेट ८०-९० च्या मध्येच दिसते, १०० दिसत नाही, त्याला घाबरू नका.

थ्रॉटल का मागतेय ते सांगते. ठाणे_टॉर्क म्हणतायत तसा लीक असता तर आकार वेगळा दिसला असता. लीकमध्ये बूस्ट उशिरा भरतो, पूर्ण टार्गेटपर्यंत पोचत नाही आणि वरच्या आरपीएमला हळूहळू ओसरत जातो. तुमचा भरतोय लवकर, तुम्ही स्वतःच लिहिलंय की नेहमीपेक्षा जास्त जोरात ओढते, आणि मग धाडकन पडतो, परत चढतो, परत पडतो. थकलेला टर्बो असा वागत नाही. मला वाटतंय काहीतरी हवा मुद्दाम अडवतंय. मॅप सेन्सर थ्रॉटल प्लेटच्या पुढे म्हणजे इंजिनाच्या बाजूला बसतो, त्यामुळे ईसीयूने प्लेट बंद केली की टर्बो कितीही दाबत असला तरी तुमच्या ॲपमध्ये बूस्ट पडलेलाच दिसणार.

ठाणे_टॉर्क

ताई हे पटलं. लवकर भरतोय हे मी वाचलंच नव्हतं नीट. पण क्लॅम्प बघायला पैसे लागत नाहीत, बघून घे रे.

घाटवाट

लॉग करायला कुठे जाताय ते आधी ठरवा प्लीज. पामबीच रोड नको, हायवेवर संध्याकाळी नको, अटल सेतूवर तर लोक मुद्दाम जातात पण तिथे १०० ची लिमिट आहे आणि कॅमेरे आहेत. तिसऱ्या गिअरमध्ये २००० पासून ४५०० पर्यंतच घ्या, यातच तुमचा प्रॉब्लेम दिसतोय, रेडलाइनपर्यंत जायची गरजच नाही. सकाळी लवकर, कोरडा रस्ता, थोडा चढ असेल तर उत्तम कारण चढावर इंजिनावर लोड येतो आणि स्पीड हळू वाढतो, त्यामुळे त्याच पुलमध्ये रीडिंगही जास्त मिळतात. आणि फोन शेजारी बसलेल्याच्या हातात द्या. ओल्या रस्त्यावर चाक फिरलं तर ट्रॅक्शन कंट्रोलही थ्रॉटल बंद करतो, मग तो लॉग बघून तुम्ही भलत्याच गोष्टीच्या मागे लागाल.

डोंबिवली_डिझेल

धागा दुसरीकडे नेत नाहीये पण ताईंना एक विचारायचंय. माझी २.० डिझेल आहे, रीमॅप केलेली, माझ्या लॉगमध्ये मॅप २५५ ला जाऊन एकदम सपाट रेघ मारतो, २५५, २५५, २५५, आणि मग खाली येतो. ट्यूनर म्हणतो बूस्ट एवढा स्थिर आहे म्हणजे ट्यून परफेक्ट आहे.

चुनाभट्टी_सिग्नल

डोंबिवली, २५५ हा तुमचा बूस्ट नाही, ती रकान्याची भिंत आहे. ०बी पीआयडीला एकच बाइट दिलेला आहे, त्यात शून्य ते २५५ एवढंच बसतं. १०० बाहेरचं वजा केलं तर दीड बारच्या थोडं पुढेच ॲप आंधळं होतं. वर खरा आकडा २६० असेल नाहीतर ३०० असेल, या लॉगवरून कोणीच सांगू शकत नाही, ट्यूनरही नाही. गाडी ८७ नंबरचा पीआयडी देत असेल तर तो बघा, नाहीतर कंपनीच्या स्वतःच्या प्रोटोकॉलमधलं बूस्ट रीडिंग देणाऱ्या स्कॅनरवर लॉग करा, आणि तोपर्यंत कृपा करून गाडी जोरात चालवू नका. सेन्सर स्वतः किती बारपर्यंतचा आहे तेही बघून घ्या, तो आधीच संपत असेल तर स्कॅनरवरही सपाट रेघच येईल.

डोंबिवली_डिझेल

बापरे. ठीक आहे ताई, वेगळा धागा काढतो.

कांदिवलीकर

चुनाभट्टी ताई, ठाणे, घाटवाट, सगळ्यांचे आभार. आज पहाटे जाऊन आलो, भाऊ शेजारी बसला होता फोन घेऊन. बॅरो ३३ वर मिळतोय, १०० दाखवतो. चावी ऑन इंजिन बंद मॅपही १००. गरम इंजिन, एसी बंद, आयडलला मॅप ३४-३५. चारच गोष्टी ठेवल्यावर लॉग खरंच वेगळा दिसतोय, आकडे आता सेकंदाला दोन-तीनदा बदलतात.

मधला भाग इथे टाकतो, आरपीएम मग मॅप मग थ्रॉटल.

२४०० – १७८ – ८४
२७०० – २०५ – ८४
२९०० – २१२ – ७१
३१०० – १६८ – ४२
३३०० – १४६ – ३८
३५०० – १७४ – ५२
३७०० – १६० – ४१

पाय शेवटपर्यंत दाबलेलाच होता, भाऊ साक्षीदार आहे. तापमान ४१ वरून ४६. म्हणजे ताई म्हणाल्या तसंच, प्लेट बंद होतेय! आणि पडायला सुरुवात २९०० च्या आसपासच होतेय, ३३०० ला नाही.

क्लॅम्प सगळे बघितले, घट्ट आहेत, पाइप कोरडे आहेत. आता प्रश्न हा की ईसीयू प्लेट का बंद करतोय?

चुनाभट्टी_सिग्नल

सुंदर लॉग आहे. २१२ वर जाऊन मग थ्रॉटल ७१, मग ४२. क्रम बघा, आधी प्रेशर वर गेलं आणि मग प्लेट बंद झाली. तुमच्या टर्बोमध्ये दम कमी नाहीये, तो गरजेपेक्षा जास्त दाबतोय आणि ईसीयू इंजिन वाचवायला थ्रॉटल ओढून घेतोय. पण हे पक्कं करायला थ्रॉटलच्या आधीचं प्रेशर बघायला हवं. बहुतेक अशा गाड्यांत इंटरकूलर आणि थ्रॉटलच्या मधल्या पाइपवर अजून एक सेन्सर असतो, तो साध्या ओबीडी ॲपला दिसत नाही. एखाद्या चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे कंपनीचे मॉड्यूल उघडणारा स्कॅनर असेल तर त्याला लाइव्ह डेटामध्ये बूस्ट प्रेशर ॲक्च्युअल, बूस्ट प्रेशर टार्गेट आणि वेस्टगेटची ड्यूटी, म्हणजे एक्झॉस्टला टर्बोवरून वळवणारी झडप ईसीयू किती उघडायला सांगतोय ते, काढायला सांगा. पेंडिंग कोडही वाचायला सांगा. चेक लाइट बऱ्याच फॉल्टला पहिल्याच वेळी लागत नाही, पुढच्या ड्राइव्हमध्ये तोच फॉल्ट परत दिसला की लागते, आणि ईसीयू वेळेवर थ्रॉटल मिटतोय म्हणून तुमचा फॉल्ट कधी मोजला जात असेल कधी नसेल. पी०२३४ म्हणजे ओव्हरबूस्ट, पी०२९९ म्हणजे अंडरबूस्ट. माझा अंदाज पहिल्याचा आहे. आणि तोपर्यंत गाडी शांतपणे चालवा, जोरात दाबू नका.

कुर्ला_पाना

मी मेकॅनिक आहे, कुर्ल्यातच उभं आयुष्य गेलं. ताईंनी बरोबर पकडलंय, आता बॉनेटखालचं मी सांगतो.

तुमच्या गाडीत वेस्टगेटला हवेवर चालणारा ॲक्च्युएटर असेल, टर्बोच्या बाजूला डबी आणि तिच्यातून निघालेला रॉड, तर त्या डबीत स्प्रिंग असते आणि स्प्रिंग वेस्टगेट बंद धरून ठेवते. कॉम्प्रेसरच्या तोंडातून एक बारीक पाइप निघतो, सोलेनॉइडमधून, म्हणजे ईसीयू विजेवर चालवतो त्या व्हॉल्व्हमधून, जातो आणि डबीला लागतो. बूस्ट वाढला की त्याच पाइपातून प्रेशर डबीत जातं, रॉड ढकलला जातो, वेस्टगेट उघडतो, एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून जातो. आता हा बारीक पाइप तडकला, निघाला किंवा कुठे भोक पडलं तर डबीला प्रेशरच पोचत नाही, वेस्टगेट बंदच राहतो, टर्बो दाबत सुटतो. लोकांना वाटतं पाइप फुटला म्हणजे बूस्ट कमी व्हायला पाहिजे. मोठा पाइप फुटला तर कमी होतो. हा बारीक फुटला तर वाढतो. तुमच्याकडे थोडंफार प्रेशर पोचत असणार म्हणून हात राखून वाढतोय, पाइप पूर्ण निघाला असता तर याच्याही वर गेला असता.

आणि पाऊस सुरू झाल्यापासून म्हणालात ना? सोसायटीत गाडी खाली कंपाउंडमध्ये लावता का? पावसात उंदीर-घुशी गटारातून वर येतात आणि कोरड्या गरम जागेसाठी बॉनेटमध्ये बसतात, माझ्याकडे दर पावसाळ्यात अशा गाड्या येतात. बॅटरीच्या ट्रेवर आणि इंजिन कव्हरच्या खाली लेंड्या आहेत का बघा.

गाडी पूर्ण थंड झाल्यावर हात घाला, टर्बोजवळ नुसत्या डोळ्याने दिसत नाही. पाइप दोन्ही टोकांना निपलवरून बोटाने वळवून बघा, तडा बहुतेक निपलच्या तोंडाशीच असतो, वाकवला की उघडतो आणि सोडला की मिटतो. डबी बघायची असेल तर तिच्या निपलला गेजवाला हातपंप लावा आणि हळूहळू प्रेशर द्या, रॉड सरकला पाहिजे आणि प्रेशर धरून ठेवलं पाहिजे. रॉड किती प्रेशरला हलायला हवा ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं, त्याच्या पुढे पंप मारत बसू नका, डायफ्रॅम फाटतो. आणि रॉडचा नट फिरवायचा नाही, कोणी कितीही सांगितलं तरी.

तुमच्या गाडीला मोटरवाला इलेक्ट्रिक ॲक्च्युएटर असेल तर हे सगळं सोडून द्या, तिथे पाइपच नसतो.

कांदिवलीकर

पाना काका, डबी आणि रॉड आहे, मोटर नाही. आणि हो, गाडी कंपाउंडमध्ये भिंतीलगत लागते, मागे नाला आहे.

काल संध्याकाळी ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडे जाऊन स्कॅनरवर लाइव्ह डेटा घेतला. पेंडिंगमध्ये पी०२३४ सापडला! छोट्या चढावर परत तोच पुल घेतला. टार्गेट २०० होतं, थ्रॉटलच्या आधीचं प्रेशर २२८ पर्यंत गेलं आणि त्याच वेळी मॅप १५० वर बसलेला. म्हणजे माझ्या ॲपमध्ये बूस्ट अर्ध्यावर दिसत होता तेव्हा पाइपात टार्गेटपेक्षा जास्त भरलेला होता. ड्यूटी मात्र ईसीयूने वेस्टगेट उघडायच्या बाजूला पूर्ण टोकाला नेलेली होती, तरी प्रेशर उतरत नव्हतं.

आज सकाळी इंजिन कव्हर काढलं, बॅटरीच्या ट्रेमध्ये लेंड्या आणि कोणाच्या तरी घरातला कापूस. बारीक पाइप सोलेनॉइडच्या बाजूला ठीक होता. डबीच्या बाजूला, हिट शील्डच्या आड, निपलपासून बोटभर अंतरावर दोन ठिकाणी कुरतडलेला, बाहेरचं रबर गेलेलं आणि आतली धाग्याची वीण दिसत होती. तोंडाशी धरून फुंकला तर त्या दोन जागांतून हवा बोटाला लागत होती. फोटो टाकायचा प्रयत्न करतो.

आता हा पाइप कुठला लावू? काचेसारखा पारदर्शक लावला तर चालेल का, शेजारच्या दुकानात तोच आहे.

कुर्ला_पाना

पारदर्शक अजिबात नको, उष्णतेने मऊ होतो आणि निपलवरून सुटतो. पेट्रोलचा स्वस्त पाइप पण नको. कंपनीचा मिळत असेल तर तोच घ्या, नाहीतर सीएसटी रोडला जुना तुकडा सोबत घेऊन जा आणि आतला व्यास जुळवून, आत विणलेला धागा असलेला, तेलाला आणि उष्णतेला टिकणारा घ्या. लांबी जुन्याएवढीच ठेवा, उगाच लांब ठेवून गुंडाळी करू नका. दोन्ही टोकांना छोटे स्प्रिंग क्लिप लावा.

ठाणे_टॉर्क

काय धागा झालाय हा! त्या गॅरेजला टर्बो बदलायला दिला असता तर त्यांनी नवीन टर्बोसोबत तो पाइपही नवीन टाकला असता आणि गाडी नीट झाली असती, आणि कांदिवलीकरला आयुष्यभर वाटत राहिलं असतं की टर्बोच गेला होता.

कांदिवलीकर

पाइप बदलला, मूळ कंपनीचाच मिळाला, किंमत एका चांगल्या जेवणाएवढीही नाही. आज पहाटे परत त्याच चढावर.

२४०० – १७२ – ८४
२७०० – १९४ – ८४
३००० – २०० – ८४
३३०० – १९९ – ८४
३७०० – १९८ – ८४
४२०० – १९७ – ८४

थ्रॉटल हललासुद्धा नाही. गाडी सरळ ओढते, मध्ये बसत नाही. सुरुवातीचा तो जास्तीचा जोर गेला, पण आता कळलं की तो तसा असायलाच नको होता.

एकच शंका, माझ्या चुलतभावाकडे पुण्यात हीच गाडी आहे, तो म्हणतो त्याच्या लॉगमध्ये मॅप १९५ च्या पुढे जात नाही. त्याच्या गाडीत काही गडबड आहे का?

चुनाभट्टी_सिग्नल

खूप खूप आनंद झाला. २००, १९९, १९८ आणि शेवटपर्यंत ८४, असा लॉग बघायला मिळाला की दिवस चांगला जातो.

भावाच्या गाडीबद्दल, आधी त्याचा बॅरो विचारा. पुणे साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, तिथे बाहेरच ९५ असतं. मॅप १९५ म्हणजे त्याचा बूस्टही १०० च झाला. काही गाड्यांत ईसीयू उंचीवर पूर्ण प्रेशर तेवढंच ठेवायचा प्रयत्न करतो, काहींत टर्बो फार फिरू नये म्हणून टार्गेट खाली आणतो, त्यामुळे पुण्याचा आणि मुंबईचा लॉग शेजारी ठेवून कोणाचा टर्बो चांगला हे ठरवता येत नाही. त्याच्या गाडीचं टार्गेट आणि ॲक्च्युअल जुळतंय का एवढं बघा.

तुमचे स्वतःचे दोन लॉग जुळवतानाही तापमानाचा रकाना बघत जा. लिंक रोडच्या ट्रॅफिकमधून अर्धा तास रांगत येऊन लगेच पुल घेतला तर इनटेकची हवा ६० च्या पुढे गेलेली असते, ईसीयू स्पार्कचं टायमिंग मागे घेतो, टार्गेटही उतरवू शकतो आणि तो लॉग पहाटेच्या ४१ डिग्रीच्या लॉगशी जुळणार नाही. आणि पावसाळ्याची अजून एक गोष्ट. ३० डिग्रीला हवेत ८० टक्के दमटपणा असेल तर बाहेरच्या १०० किलोपास्कलमधले साधारण साडेतीन नुसती पाण्याची वाफ असते. मॅप सेन्सरला ती वेगळी ओळखता येत नाही, तो सगळं मिळून मोजतो. म्हणजे बूस्टचा आकडा तोच दिसून इंजिनाला ऑक्सिजन डिसेंबरपेक्षा थोडा कमी मिळतो. पिकअपमध्ये तेवढा फरक जाणवला तर पाइप परत उघडू नका.

पेंडिंग कोड मिटवला असेल तर आठवडाभराने परत वाचून घ्या, रिकामा असेल तर विषय संपला.

घाटवाट

चढावर सकाळी जाऊन ४२०० वर थांबलात हे बघून बरं वाटलं.

कुर्ला_पाना

कांदिवलीकर, एक राहिलं. घुशीने एकच पाइप कुरतडून सोडला असं सहसा होत नाही. ऑक्सिजन सेन्सरची वायर, इंजेक्टरची लूम म्हणजे वायरींचा जुडगा, कूलंटचा परत येणारा बारीक पाइप आणि वॉशरच्या पाण्याची नळी, चारही बोटाने चाचपून बघा, डोळ्याने दिसत नाहीत. कापूस काढून टाका, ट्रे साबणाने धुवा नाहीतर वासाने तीच परत येते. आणि नवीन पाइप हिट शील्डला टेकत नाही ना ते बघून मूळ क्लिपमध्येच बसवा, क्लिप तुटली असेल तर माझ्याकडे या, असतात माझ्याकडे.

कांदिवलीकर

काका आत्ताच खाली जाऊन बघितलं. वॉशरची नळी पण कुरतडलेली आहे. शनिवारी येतो.